पावना

मोंबासाच्या परिषदेत त्या दिवशी चहा चांगला झाला नसता, तर पुढचं रामायण कदाचित घडलंच नसतं.

आठवडाभर कोमट पाण्यात पिशव्या बुडवून केतकी गावंडचं डोकं उठलं होतं. कर्णिकसाहेबांनी कुठून तरी आलं आणि सुटी पत्ती पैदा केली आणि शिष्टमंडळाच्या खोलीत स्वतः उकळून चहा केला. शशांक कर्णिक म्हणजे भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख. मूळचे अलिबागचे, पण सगळा जन्म दिल्लीच्या फायलींत गेलेला. केतकीही त्याच बाजूची, खारेपाटातल्या खारनवेलीची. परदेशात उकळत्या आल्याचा वास आला की आपल्या माणसांना घर आठवतं, आणि घर आठवलं की जीभ सैल होते. केतकीची झाली.

"आमच्याकडे या दिवसांत पावना घेतात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

म्हणून मग तिने सांगितलं. खारेपाटातली भातशेती समुद्राच्या पातळीखाली. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये एक मातीचा बंधारा, त्याला म्हणायचं बाहेरकाठा. साऱ्या गावाने मिळून तो राखायचा. पण मोठ्या उधाणाला बाहेरकाठा टिकेलसं दिसलं नाही, तर गाव त्याच्या फुटण्याची वाट पाहत बसत नाही. वस्तीपासून लांबची एक सखल जागा निवडायची आणि आपणच फावड्याने बांध कापायचा. पाणी सावकाश आत येतं, शेतात पसरतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी झालं की त्याच्यावरचा दाब उतरतो आणि वस्तीजवळचा भाग वाचतो. शेत दोन वर्षं खारट होतं, पण घरं राहतात. कापताना नारळ ठेवायचा आणि समुद्राला पाहुणा मानून म्हणायचं, 'पावन्या ये, जेव आणि जा, राहू नको.'

"माझे बाबाच कापतात," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमानही होता.

कर्णिकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे बांध लोकच फोडतात?"

"फोडत नाहीत हो. पावना घेतात."

"तेच ते गं. मराठीत पावना." ते छताकडे बघत राहिले. "ठरावाच्या भाषेत त्याला काय म्हणता येईल, एवढाच प्रश्न आहे."

केतकी हसली. साहेब गंमत करताहेत असंच तिला वाटलं.

ही सगळी मंडळी तिथे जमली होती त्याचं कारण केतकीनेच घडवलं होतं, हे आधी सांगायला हवं. पुण्याच्या संस्थेत तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून एक यंत्रणा उभी केली होती. तिचं नाव प्रतिपृथ्वी. ही आपल्या पृथ्वीची संगणकातली जुळी बहीण. तिच्यावर तेच डोंगर, तेच समुद्र, तेच वारे. खऱ्या पृथ्वीवर वादळ झालं की तेच वादळ प्रतिपृथ्वीवर दोनदा घडवायचं. एकदा आजच्या हवेत आणि एकदा अशा हवेत, जिच्यात माणसाने कोळसा आणि तेल जाळून सोडलेला धूर मिसळलेलाच नाही. दोन्ही वेळा पाणी कुठवर चढलं ते बघायचं. दोहोंतला जो फरक, तो धुराचा. कोणत्या देशाने किती धूर सोडला याचा हिशेब जगाकडे होताच. त्या प्रमाणात फरकाचे भाग पाडायचे, की बुडालेल्या गावाला कोणाकडून किती भरपाई यायची ते ठरलं. लोकांच्या तोंडी त्याला 'वाटा' हा साधा शब्द बसला.

तोवर सगळ्या देशांना एक सोय होती. पूर आला की निसर्गाचा कोप म्हणायचं, चार ब्लँकेटं पाठवायची आणि सभेत दोन मिनिटं उभं राहायचं. प्रतिपृथ्वीने ती सोय काढून घेतली. साहजिकच ज्यांना द्यायचं होतं त्यांची झोप उडाली.

आपली अडचण अशी की आपल्याला घ्यायचंही होतं आणि द्यायचंही. आपले किनारे बुडत होते हे खरं, पण गेल्या काही दशकांत आपल्या चिमण्यांनीही काही कमी धूर ओकला नव्हता. गोळाबेरीज केली तर देणंच जास्त निघत होतं, आणि त्यातलं मोठं देणं शेजारच्या बांगलादेशला.

दोन दिवसांनी कर्णिकांनी मसुदा पुढे सरकवला. त्यात नवं कलम होतं. ज्या ठिकाणी नुकसान रहिवाशांच्या स्वतःच्या कृतीने झालं असेल, तिथे ते 'स्वकृत' समजावं आणि वाटा देय नसावा.

केतकीने ते दोनदा वाचलं.

"साहेब, हे मी सांगितलेलं..."

"तू काहीच सांगितलेलं नाहीस. आपण चहा प्यायलो." कर्णिकांचा आवाज मऊ होता. "हे बघ केतकी, मी राक्षस नाही. हा पैसा आकाशातून पडत नाही. तो आपल्या शाळांतून, दवाखान्यांतून जाणार. प्रत्येक देश इथे आपापलं घर राखायला आलाय. मी माझं राखतोय. तुझ्या भाषेत सांगायचं तर मीही घरं वाचवायला एक शेत सोडतोय."

"पण शेत दुसऱ्याचं आहे," केतकी म्हणाली.

"शेत नेहमी कोणाचं तरी असतंच," कर्णिक म्हणाले आणि सही करायला पेन काढलं.

कलमाला सगळ्यात मोठ्या टाळ्या कोणी वाजवल्या असतील? ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर ओतला, त्या श्रीमंत देशांनी. त्यांचा तर सगळ्यात जास्त पैसा वाचत होता, आणि वर सूचना एका गरीब देशाकडून आलेली, म्हणजे हात स्वच्छच. त्या बदल्यात आपल्याला बॅटरी कारखान्यांसाठी स्वस्त कर्ज मिळायचं ठरलं. सौदा चोख होता. तो घडला तेव्हा केतकी भिंतीकडच्या खुर्चीत बसून होती.

मतदानाआधी बांगलादेशच्या प्रतिनिधी बोलायला उठल्या. डॉ. नसरीन हक. बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज खडा.

"आमच्या खाडीकाठची माणसं बांध कापतात," त्या म्हणाल्या. "गाव वाचवायलाच कापतात. हे कलम झालं तर उद्या कुदळ उचलण्याआधी त्यांना तुमचा कागद आठवेल आणि त्यांचा हात थबकेल. भारतीय शास्त्रज्ञांना मला एवढंच विचारायचंय. तुमचा किनारा आमच्यासारखाच आहे. तुमच्याकडे असं कुठे करतात का?"

सभागृहातले सगळे डोळे केतकीकडे वळले. कर्णिक कागदावर रेघोट्या मारत होते, मान वर न करता. केतकीने समोरच्या माईकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"माझ्या माहितीत नाही," ती म्हणाली.

दुभाष्यांनी ते सगळ्या भाषांत सांगितलं. दिवा विझला. खोटं बोलायला इतका थोडा वेळ लागतो, याचंच तिला नवल वाटलं.

कलम मंजूर झालं. पुढे प्रतिपृथ्वीच्या मशीनला स्वकृत खांड ओळखायला शिकवायचं काम तिच्याकडेच आलं. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. समुद्राने पाडलेली खांड वेडीवाकडी असते, कडा ढासळलेल्या, माती आतल्या बाजूला फेकलेली. फावड्याने कापलेली सरळ असते आणि काढलेली माती दोन्ही कडांवर रचलेली असते. उपग्रहाच्या चित्रांत हा फरक मशीनला कळायला हवा तर नमुने हवेत, आणि नमुने केतकीकडे होते. खारनवेलीच्या बांधाची कित्येक वर्षांची चित्रं तिने हौसेने जमवली होती. तिने ती दिली. मशीन बाबांच्या हाताचं काम बघून शिकलं.

परत आल्यावर पुण्यात सत्कार झाला, पेपरात फोटो आला. केतकी फोटोत हसली होती. दावे मंजूर करण्याआधी एका माणसाची सही असावी अशी अट होती; हिंदी महासागराच्या किनाऱ्यापुरती ती सही केतकीची ठरली.

ऑगस्टात अरबी समुद्रात वादळ उठलं. अमावास्येचं उधाण आणि वादळ एकाच दुपारी किनाऱ्याला पोचणार असं दिसत होतं. सकाळीच बाबांचा फोन आला. सखाराम गावंड एरवी फोनवर बोलणारा माणूस नव्हता.

"बाय, कामात हाईस काय?"

"बोला ना बाबा."

"देवलाजवल बाहेरकाठा पाझरतंय. दुपारचे भरतीला टिकंल असा वाटत नाय. पावना घेवाला पायजे."

"मग घ्या ना."

"घ्या ना काय! पोरा बांधावर उभी हान. बोलतान, फावरा लावू नको, वाटा जाईल. दर्यालाच फोरू दे, मंग सगल्यांना पैसं भेटतील. त्यांनी पेपरान वाचलाय. तुजा फोटो पन हाय त्यान."

केतकी खुर्चीवरून उठली. खिडकीबाहेर पुण्याचा पाऊस नुसताच भुरभुरत होता.

"बांध आपोआप फुटला तर कुठे फुटेल?"

"देवलाजवलच. खालची वस्ती सगली त्याचे पुरं हाय. पोरांना वाटतंय पल काढता येईल. पानी काय थांबतंय? मना सांग, काय करू?"

"कापा," केतकी म्हणाली. "बाबा, आत्ता कापा."

"ना मंग वाटा? तूच सही करतंस ना? काय लिवशील?"

फोनमध्ये वारा ऐकू येत होता आणि मागे कोणीतरी बाबांवर ओरडत होतं.

"बरा," बाबा म्हणाले. फोन बंद झाला.

त्यांनी कापला. एकट्याने सुरुवात केली, शिव्या खात. मग दोघेतिघे म्हातारे फावडी घेऊन आले. पावना आला, शेतात हिंडला, खालच्या वस्तीच्या उंबऱ्याला लागून थांबला आणि ओहोटीला परत गेला. गावात एक कोंबडीसुद्धा मेली नाही. भात मात्र सगळं गेलं.

काही दिवसांनी केतकीच्या पडद्यावर दावे आले. पक्षपात नको म्हणून दाव्यावर गावाचं नाव नसे, फक्त क्रमांक. पण खाडीचं ते वळण आणि देवळाचा तो पांढरा ठिपका ती झोपेतही ओळखू शकत होती. चित्राच्या मध्यावर सरळ कापलेली खांड होती, कडांवर रचलेली माती होती. खाली मशीनने लिहिलं होतं, 'स्वकृत. वाटा नाही.' त्याच्याखाली तिच्या सहीची रिकामी चौकट.

त्याच्या पाठोपाठ दुसरा दावा उघडला. त्याच पंधरवड्यात बंगालच्या उपसागरात, बांगलादेशच्या काठी आलेल्या वादळाचा. तिथला बांध वेडावाकडा फुटला होता, अगदी वस्तीसमोर. वस्तीच्या जागी तपकिरी पाणी होतं. चित्र मोठं केल्यावर तिला बांधाच्या दुसऱ्या टोकाला, लांबच्या सखल शेताजवळ, एक लहानसा चौकोनी खड्डा दिसला. कोणीतरी कापायला सुरुवात केली होती आणि मध्येच थांबलं होतं. मशीनला तो खड्डा क्षुल्लक वाटला होता. 'सागरकृत,' त्याने लिहिलं होतं. 'वाटा पूर्ण देय. दावेदार: संपर्क नाही.'

संपर्क नाही म्हणजे काय, हे समजायला केतकीला कोणती यंत्रणा लागली नाही. ती त्या चौकोनी खड्ड्याकडे बघत राहिली. हे मी केलं, असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

दुपारी कर्णिकांचा फोन आला.

"अगं, खारनवेलीचं कळलं मला. वाईट वाटलं. हे बघ, शेवटी सही तुझी आहे. 'कडा ढासळलेल्या आढळल्या, निर्णय बदलावा' एवढं लिही. पडताळणीचं मी बघतो. एका गावाने कोणाचं काय बिघडतंय?"

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेच तर केतकीला सोसवेना. या माणसाशी भांडावं म्हटलं तर तो जवळचा निघत होता.

ती गावी गेली. बाबा ओट्यावर बसले होते. रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे न बघता जात होते. ज्यांची घरं उभी होती ते दारात बसून मेलेल्या शेतांकडे बघत होते. दुकानावर बाबांना कोणी चहा विचारत नाही, असं शेजारच्या काकूने तिला हळूच सांगितलं.

"लिव ना, दर्यानं फोरला म्हनून," बाबा तिला बघताच म्हणाले. "काय जातंय तुजा?"

बाबा असं म्हणतील हे तिच्या मनातही नव्हतं. बाबा खोट्याला हात लावणार नाहीत अशी एक सोयीची समजूत तिने वाटभर जपली होती. तिने त्यांना त्या दुसऱ्या गावाचं सांगितलं. अर्धवट खणलेल्या खड्ड्याचं सांगितलं. परिषदेत तिला काय विचारलं होतं आणि ती काय म्हणाली होती, तेही.



"नाय बोललीस?" बाबांनी विचारलं.

"नाही म्हणाले."

"मीच तुना बांधावर खांद्यावर बसवून नेत होतो, ना तू नाय बोललीस." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग त्यांचा आवाज चढला. "पन ती मानसा गेली. त्यांना आता काय भेटनार? आमी जिते हाव. आमाला लागतंय. तुना पाप धुवाचा हाय तं धू, पन आमचे तांदलान नको."

खरं म्हणजे बाबांचं बरोबर होतं. आणि खोटी सही केली, तर एकटी खारनवेली वाचेल आणि ते कलम तसंच राहील, पुढच्या उधाणाला पुन्हा कोणीतरी अर्धा खड्डा खणून थांबेल, हेही बरोबर होतं. दोन्हीकडून अपराधी तीच होती.

तिने नसरीन हकना फोन लावला. बाहेरकाठ्यावर उभी राहून, कापलेल्या जागेपाशी. तिने सगळं सांगितलं, एका दमात, रडत.



"हे मला का सांगताय?" नसरीन म्हणाल्या. "मला ते तेव्हाच कळलं होतं. तुम्ही माईकवर म्हणाला होतात ना? तिथेच सांगा."

पुढचं अधिवेशन मोंबासातच होतं; तोवर सहीची चौकट तिने रिकामीच ठेवली. केतकीने भाषणाला वेळ मागितला तेव्हा कर्णिकांनी हरकत घेतली नाही. ती बटण दाबायला गेली, तेव्हा मात्र त्यांनी आपला हात माईकवर ठेवला.

"तुझ्या गावाचा वाटा जाईल," ते हळू आवाजात म्हणाले. "नोकरी जाईल ते वेगळंच. आणि तुझे वडील..."

"हात काढा, साहेब."

त्यांनी हात काढला. लाल दिवा लागला.

ती फार बोलली नाही. मागच्या वेळी आपण खोटं बोललो, एवढं आधी सांगितलं. मग पावना घेणं म्हणजे काय ते सांगितलं. ते नुकसान करणं नसून नुकसान अंगावर घेणं आहे, आणि आमच्या कलमाने त्यालाच गुन्हा ठरवलं, असं म्हणाली. अर्ध्या खड्ड्याचं चित्र तिने पडद्यावर लावलं आणि ते लावून ठेवलं. दुभाष्यांच्या काचेआड क्षणभर गोंधळ उडाला. 'पावना' या शब्दाचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी बहुतेकांनी तो तसाच ठेवला.

सभागृहात कुजबुज वाढली. नसरीन हक चष्मा पुसत होत्या. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

अध्यक्षांनी हातोडी आपटली. कलम पुन्हा चर्चेला घ्यायचं तर नुसतं निवेदन चालणार नाही, ते म्हणाले. प्रत्यक्ष घटना नोंदीवर यायला हवी. कोणतं गाव, आणि बांध कोणी कापला. नोंद झाल्यावर त्या गावाचा या हंगामातला दावा अर्थातच बाद धरला जाईल, याची वक्त्यांना कल्पना असावी.

"आहे," केतकी म्हणाली.

"मग नावं सांगा."

तिच्या डोळ्यांसमोर ओट्यावर बसलेले बाबा आले. त्यांनी मागितलं होतं ते एकच, आणि तेच ती आता सगळ्या जगासमोर नाकारत होती. दिवा अजून लाल होता.

"गाव खारनवेली," ती म्हणाली. "बांध सखाराम धर्मा गावंड यांनी कापला. ते माझे वडील."

कारकुनाने नावाचं स्पेलिंग विचारलं. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं.